'हेन्स' म्हणजे 'म्हणून' की 'नंतर'? मराठी माध्यमातनं आलेली मुलं आणि इंग्रजीतलं गणित

वर्गमूळ
मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका पदवीपूर्व कॉलेजात (पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी) गणित शिकवतो. आमच्याकडं जांबोटी, कणकुंबी, नंदगड अशा भागांतली मुलं येतात, त्यातली बरीचशी मराठी माध्यमातनं एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावी, झालेली. दहावीपर्यंत त्रिज्या, जीवा, लसावि, वर्गसमीकरण. मे महिन्यात निकाल लागतो, आणि पीयूसी सायन्सच्या पहिल्या तासापासनं पुस्तक इंग्रजी, फळा इंग्रजी, परीक्षा इंग्रजी.

गेल्या महिन्यातली गोष्ट. उजळणी म्हणून मी वयाचं एक उदाहरण दिलं होतं. सुरुवात अशी: 'फाइव्ह इयर्स हेन्स, अ फादर्स एज विल बी थ्री टाइम्स दॅट ऑफ हिज सन.' दुसऱ्या बाकावरची एक मुलगी नुसती बसून होती. एसएसएलसीला गणितात नव्वदच्या वर मार्क असलेली पोरगी. जवळ जाऊन विचारलं तर म्हणाली, "सर, हेन्स म्हणजे म्हणून न्हवं? सिद्धता लिहिताना शेवटी तुम्ही हेन्स म्हणता. मग पाच वर्षं म्हणून... पुढं काय?"

मी तिला एवढंच म्हटलं, "पाच वर्षांनी वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या..." वाक्य पुरं व्हायच्या आधी तिचं समीकरण लिहून झालं होतं.

तेव्हापासनं मी वह्या वेगळ्या नजरेनं बघतोय. मोठे शब्द या मुलांना अडवत नाहीत. हायपोटेन्यूस म्हणजे कर्ण, सर्कमफरन्स म्हणजे परिघ, हे आठवड्यात पाठ होतं, कारण ती वस्तू डोक्यात आधीच आहे, फक्त दुसरं नाव लावायचं असतं. अडवतात ते बारके शब्द. फ्रॉम, बाय, टू, दॅन, ऑफ, ईच, पर. यांची यादी कुठल्याच धड्याच्या शेवटी नसते, आणि यांतल्या बहुतेकांना मराठीत सुटा शब्दच नाही. आपल्याकडं ते काम नामाला चिकटलेले प्रत्यय करतात.

'सबट्रॅक्ट फाइव्ह फ्रॉम ट्वेल्व्ह' घ्या. मूल ऐकेल त्या क्रमानं लिहितं, पाच वजा बारा. आपण म्हणतो 'बारातून पाच वजा कर', म्हणजे बारा आधी कानावर पडतात आणि आधी लिहिले जातात. वजाबाकी त्या पोराला येते, फक्त वाक्य उलट्या दिशेनं चाललेलं असतं. तसंच 'इन्क्रीज्ड बाय ट्वेंटी' आणि 'इन्क्रीज्ड टू ट्वेंटी'. वीसने वाढली आणि वाढून वीस झाली, मराठीत यात कुणाचा घोळ होत नाही.

या मुलांना तुम्ही कसं शिकवता, किंवा तुम्ही स्वतः यातनं कसे गेलात, ते सांगा. माध्यम कुठलं चांगलं हा वाद इथं येणार हे मला माहीत आहे. तो टाळता आला नाही तरी निदान वर्गात उद्या काय करायचं ते हातात राहू दे.

अनगोळकर
सर, मी त्यातलाच. मराठी शाळा, मग पीयूसी, आता बेळगावातच इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

माझा शब्द 'टॅन्जंट'. दहावीला त्रिकोणमितीत टॅन थीटा शिकलो होतो, समोरची बाजू भागिले लगतची बाजू. वर्तुळाच्या धड्यात स्पर्शिका शिकलो होतो. दोन्ही पक्कं. पीयूसीत 'फाइंड द इक्वेशन ऑफ द टॅन्जंट टु द कर्व्ह' आलं आणि मी वक्राला टॅन कुठनं लावायचा ते शोधत बसलो. वर्गात कुणीच विचारलं नाही. इंग्रजी माध्यमाची मुलं पुढच्या बाकांवर, त्यांच्या देखत कोण विचारणार. टॅन्जंट म्हणजे आपली स्पर्शिका हे मला दिवाळीच्या सुट्टीत जुनं पुस्तक चाळताना कळलं.

दोघांना एकच नाव का, ते तर त्याहून उशिरा. एक त्रिज्येचं वर्तुळ काढून त्याला स्पर्शिका काढली, तर कोनाची बाजू वाढवून त्या स्पर्शिकेवर जेवढी लांबी कापली जाते तीच टॅन थीटाची किंमत. हे जूनमध्ये कुणी पाच मिनिटं फळ्यावर दाखवलं असतं तर माझे चार महिने वाचले असते.

मलप्रभा
वर्गमूळ सर, मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. एक चूक कबूल करतो, कारण ती अजूनही सगळीकडे चाललेली दिसते.

शब्दांवरून क्रिया ओळखायला आम्ही मुलांना शिकवायचो. 'एकूण' दिसलं की बेरीज, 'कमी' दिसलं की वजाबाकी. इंग्रजीतही तोच तक्ता भिंतीवर असतो, 'मोअर' म्हणजे अधिक, 'लेस' म्हणजे उणे. भाषा येत नसलेल्या मुलाला हा आधार वाटतो, म्हणून शिक्षकालाही बरं वाटतं. पण 'राजू हॅज ट्वेल्व्ह मार्बल्स, फाइव्ह लेस दॅन सलीम' यात सलीमच्या गोट्या सतरा आहेत. तक्त्यावर विसंबलेलं मूल सात लिहून मोकळं होतं. त्यानं वाक्य वाचलेलंच नसतं, कारण न वाचता उत्तर काढायला आम्हीच शिकवलेलं असतं. तो तक्ता काढून टाका, एवढं माझं म्हणणं.

दुसरं. उदाहरण समोर ठेवायचं, पण शेवटचा प्रश्न झाकायचा. फक्त गोष्ट वाचायची. कोण आहे, काय घडलं, ते मुलांनी आपल्या भाषेत सांगायचं. मग यातनं काय काय विचारता येईल ते मुलांनीच सुचवायचं. झाकलेला प्रश्न उघडतो तेव्हा बहुतेक वेळा तो त्यांच्यातल्या कुणीतरी आधीच विचारलेला असतो.

निपाणी_कट्टा
सगळं पटतंय, पण दुखणं तुम्ही वरवरचं बघताय. अकरावीला ओढाताण होते तर पहिलीपासनं इंग्रजी घाला की. आपली मुलं दहा वर्षं मराठीत गणित शिकतात आणि मग दोन वर्षांत सगळं परत शिकतात. श्रीमंतांची पोरं पहिलीपासनं इंग्रजीत, आणि मराठीचा अभिमान शेतकऱ्याच्या पोरानं बाळगायचा? २०१४ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की प्राथमिक शाळेत मातृभाषेचं माध्यम सरकारला सक्तीनं लादता येणार नाही, पालकाला निवडीचा हक्क आहे. २०१९-२० पासनं कर्नाटकात हजार सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग सुरू झाले. लोक आपल्या पायांनी तिकडं चाललेत. त्यांना खुळे म्हणायचं का?

टिळकवाडीची_आई
निपाणीकर, मी त्या पायांनी चाललेल्यांतलीच आहे. मुलगा चौथीत, पहिलीपासून इंग्रजी माध्यम.

त्याला 'सेव्हन थ्रीज आर ट्वेंटी वन' पाठ आहे. पण त्याच्या आजीनं दुकानात पाठवलं, "सव्वाशेचं सामान, दोनशेची नोट दे, उरलेले मोजून घे," तर सव्वाशे म्हणजे किती हे त्याला ठाऊक नव्हतं. घरात आम्ही मराठी बोलतो, त्यामुळे 'हाऊ मच चेंज' हेही त्याच्या कानावर कधी पडलेलं नाही. दोन्हीकडून रिकामा राहिला. शाळेत मराठी बोललं की डायरीत शेरा येतो. गणिताच्या तासाला तो गप्प बसतो, आणि बाई लिहितात, 'शांत व गुणी मुलगा'.

मी त्याला शाळेतून काढणार नाही. त्याच्या बाबांचं आणि माझं ठरलेलं आहे. पण आता रोज रात्री उदाहरण तो मला मराठीत समजावून सांगतो. मी मुद्दाम चुकीचं ऐकते, म्हणजे तो वैतागून नीट सांगतो. दोन महिन्यांत फरक पडलाय.

वर्गमूळ
टिळकवाडीच्या ताई, तुम्ही जे करताय ते करत राहा. मोठ्या संशोधनांचं सार तेच आहे.

निपाणीकर, पालकांना खुळं कोण म्हणेल? माझ्या सख्ख्या भावाची मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. पण पहिलीपासनं इंग्रजी घातलं की ओढाताण संपते, हे खरं नाही. ती अकरावीतनं उचलून पहिलीत नेऊन ठेवली जाते, आणि सहा वर्षांच्या मुलाला ती बोलून दाखवताही येत नाही.

मलेशियानं हे सगळ्या देशासाठी करून बघितलं. २००३ पासनं गणित आणि विज्ञान इंग्रजीत सुरू केलं. २००९ साली धोरण मागं घ्यायचं जाहीर केलं आणि २०१२ पासनं टप्प्याटप्प्यानं परत मलय आणि इतर मातृभाषांकडं वळले.

कॅनडातले जिम कमिन्स यांनी १९७९ साली एक भेद मांडला. खेळताना, दुकानात, मित्रांत बोलायची भाषा वेगळी आणि पुस्तकातला विचार करायची भाषा वेगळी. पहिली साधारण दोन वर्षांत येते. दुसरीला पाच ते सात वर्षं लागतात, आणि तीही आजूबाजूला सगळं इंग्रजीत चालणाऱ्या देशात. आपल्याकडं मूल चार वाक्यं फाडफाड बोललं की आपल्याला वाटतं भाषा आली. मग गणितात अडखळलं की म्हणतो डोकं नाही. डोकं असतं. 'सच दॅट' आणि 'प्रोव्हायडेड दॅट' त्याच्यापर्यंत पोचलेलं नसतं.

निपाणी_कट्टा
मलेशियाचं माहीत नव्हतं. तरी माझा प्रश्न राहतोच. पुढं इंग्रजीच आहे ना? मग कधीतरी पूल ओलांडायचाच आहे.

वर्गमूळ
ओलांडायचाच आहे, ते मान्य. मी फक्त पूल बांधायचं बोलतोय. आज आपण पोरांना पावसाळ्यातल्या मलप्रभा नदीत उतरवतोय आणि जे पलीकडं पोचले त्यांचे सत्कार करतोय.

उद्यमबाग
सर, मी टर्नर. पंचवीस वर्षं मशीनवर आहे. शिक्षण मराठीत, दहावीपर्यंत, पुढं आयटीआय.

आमच्याकडं ड्रॉइंग सगळं इंग्रजीत येतं. 'सिक्स होल्स इक्विस्पेस्ड ऑन ऐंशी पीसीडी.' म्हणजे ऐंशी मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर सारख्या अंतरानं सहा भोकं. नवीन पोरं येतात, त्यातल्या काहींना इंग्रजी वाचता येतं, तरी मार्किंग करायला सांगितलं की कोनमापक शोधतात, साठ-साठ अंश मोजतात आणि शेवटचं भोक दीड मिलिमीटर सरकतं. मी त्यांना सांगतो, डिव्हायडर चाळीसवर लाव आणि वर्तुळावर फिरत जा, सहाव्या टप्प्याला बरोबर पहिल्या खुणेवर येशील. का, तर वर्तुळात बसणाऱ्या सुसम षटकोनाची बाजू त्रिज्येएवढी असते. हे मला आमच्या गुरुजींनी मराठीत शिकवलं होतं, दोरी आणि दोन खिळे घेऊन, शाळेच्या अंगणात. ते डोक्यात होतं म्हणून 'इक्विस्पेस्ड' हा शब्द एकदा कुणी सांगितल्यावर पुरला.

आमची भाषा बघा कशी. इंच इंग्रजी, पण त्याचे आठ भाग म्हणजे आठ सूत. पाव इंच म्हणजे दोन सूत. "एक सूत जास्त जाऊ दे" म्हणतो आणि पुढच्याच वाक्यात "टॉलरन्स बघ" म्हणतो. कुणाचा जॉब यामुळं बिघडलेला मी बघितला नाही. शाळेत मात्र दोन भाषा एकत्र आल्या की बिघडतं, हे कुणी ठरवलं?

मग्गी
नमस्कार. माझी मातृभाषा कन्नड, वडगावात वाढल्यामुळे मराठी येते. काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी कन्नड माध्यमाच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवते.

वर्गमूळ सरांनी जे लिहिलंय त्यात मराठीच्या जागी कन्नड घातलं तरी एक शब्द बदलायला नको. आमची मुलंही पीयूसीला तशीच बुडतात. कन्नडमध्येही 'फ्रॉम'चं काम शब्दाच्या शेवटी लागणारा 'इंद' करतो, म्हणजे तोच उलटा क्रम. एका गोष्टीत तरी सीमेच्या दोन्ही बाजूंची मुलं एका बाकावर आहेत.

नावावरून कळलं असेल, आमच्याकडे पाढ्यांना 'मग्गी' म्हणतात.

भाषांनी अंक कसे पकडलेत त्याची मला फार गंमत वाटते. तेवीस म्हणताना तुम्ही तीन आधी म्हणता आणि वीस नंतर, पण लिहिता दोन आधी. म्हणून मराठी मुलं लहानपणी तेवीस ऐकून बत्तीस लिहितात. कन्नडमध्ये 'इप्पत्तमूरु', वीस आणि तीन, लिहिण्याच्या क्रमानं. इंग्रजीतही वीसच्या पुढे तसंच. एकोणतीस तर ऐकायलाच तीस लागतं. उलट अपूर्णांकात मराठी फार श्रीमंत. आमचा 'मुक्कालु' म्हणजे तीन पाव. तुमचा 'पाऊण' म्हणजे एकाला पाव कमी. एकाच राशीकडे दोन बाजूंनी बघणं झालं. मी वर्गात मिश्र मुलं असली की हे दोन्ही फळ्यावर लिहिते आणि विचारते, तीन छेद चार आणि एक वजा एक छेद चार सारखे का? मुलांनी उत्तर स्वतःच्या घरातल्या शब्दातून काढलेलं असतं.

मलप्रभा
मग्गी मॅडम, तुमचं मराठी उत्तम आहे.

तुम्ही म्हणता त्यावरून आठवलं. २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस तीन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा किती गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमानं मुलं अडखळतात, म्हणून तेवीसच्या जोडीला वीस तीन, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. लोकांनी मराठी बुडाली म्हणून ओरड केली. मला तेव्हाही ती पद्धत योग्य वाटली होती, आजही वाटते. इंग्रजीकडे जाणाऱ्या मुलाला तर 'वीस तीन' ही मधली पायरीच आहे.

पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही अपूर्णांकांच्या पाढ्यांची पद्धत गेली याचं मात्र मला खरोखर वाईट वाटतं. साडेतीनचा पाढा, औटकी, आमच्या वडिलांना तोंडपाठ होता. दशांश अपूर्णांकाला आज मुलं घाबरतात, कारण अपूर्णांक त्यांच्या तोंडातूनच गेला.

अनगोळकर
दशांशावरनं एक. मराठीत आम्ही ३.२५ ला 'तीन दशांश चिन्ह पंचवीस' म्हणायचो आणि ३.५ ला 'तीन दशांश चिन्ह पाच'. पंचवीस पाचापेक्षा मोठे, म्हणून ३.२५ मोठा असं वर्गात निम्म्यांना वाटायचं. इंग्रजीत 'थ्री पॉइंट टू फाइव्ह' असं सुटं म्हणतात, तिथं ही चूक कमी होते. म्हणजे इंग्रजीतनंही उचलण्यासारखं आहे. 'दोन पाच' म्हणायला मराठीत कुणी अडवलंय का?

पण 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी'चं सांगतो. पहिले सहा महिने लेक्चरमध्ये मी पंधरा की पन्नास ते शेजाऱ्याच्या वहीत बघून ठरवायचो.

छोट्या_शाळेतली_बाई
मी हे लिहू का नको असा दोन दिवस विचार केला.

मी एका लहान इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाचवी ते सातवीला गणित शिकवते. माझं स्वतःचं सगळं शिक्षण मराठीत झालं. डी.एड. मराठीत. मला गणित आवडतं आणि ते चांगलं येतं. मराठीत मी कुठल्याही मुलाला अपूर्णांकांचा भागाकार समजावून देऊ शकते, भाकरीचे तुकडे करून, उलटा गुणाकार का करायचा तेही सांगू शकते. इंग्रजीत मी फक्त म्हणू शकते, 'टर्न इट अपसाइड डाउन अँड मल्टिप्लाय'. कारण 'का' सांगायला जेवढी भाषा लागते तेवढी माझ्याकडे नाही. वर्गात मराठी बोलायची परवानगी नाही. मुख्याध्यापक व्हरांड्यातून फिरतात.

त्यामुळे माझी मुलं नियम शिकतात. कारणं शिकत नाहीत. कारणं मला येतात. हे मला रोज घरी जाताना बसमध्ये आठवतं.

कुणी विचारलं म्हणून नाही, पण शिकणारा फक्त विद्यार्थी नसतो हे इथे कुणीतरी लिहायला हवं होतं.

वर्गमूळ
बाई, या धाग्यावरचं सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही लिहिलंत. तुमच्या पोस्टनंतर मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही.

एक सुचवतो, जमेल तेवढं बघा. कारण सांगायची इंग्रजी पूर्ण यायची वाट बघू नका. एका धड्याला फक्त तीन-चार वाक्यांचे साचे आधी घरी तयार करा. भागाकाराला, 'हाऊ मेनी हाफ्स आर देअर इन थ्री?' एवढं एक वाक्य आणि फळ्यावर तीन भाकऱ्या. तीनात अर्धे किती? मुलं मोजून सहा म्हणतील. मग 'हाऊ मेनी क्वार्टर्स?' बारा. तीनला एक छेद दोनने भागणं म्हणजे दोनने गुणणं का, ते चित्रातनं दिसायला लागतं, आणि बोललेलं वाक्य एकच असतं. अवघड शब्दांनी भरलेलं स्पष्टीकरण पाठ करण्यापेक्षा हे बरं.

आणि मुलांना आपसात मराठीत बोलू द्या, कुजबुजत का होईना. उत्तर इंग्रजीत लिहून घ्या. विचार कुठल्या भाषेत झाला ते व्हरांड्यातनं दिसत नाही.

सीमेवरची
या विषयात सीमाप्रश्न आला नाही याचं आश्चर्य वाटतंय. घटनेच्या ३५० अ कलमानं भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करायला सांगितली आहे. १९५६ पासूनची गोष्ट. ती सोय नीट मिळाली असती तर...

वर्गमूळ
ताई, कलम बरोबर आहे आणि त्यावर तुमच्या-माझ्यात मतभेद नसेल. पण ते प्राथमिकपुरतं आहे, आणि आमची पोरगी अकरावीत 'हेन्स'पाशी उभी आहे. त्याचा वेगळा धागा काढा, मी येतो.

निपाणी_कट्टा
एक उपयोगी माहिती देतो, वाद नाही. जेईई मेनचा पेपर २०२१ पासनं तेरा भाषांत असतो, त्यात मराठी आहे. पण मराठी पेपर हवा तर परीक्षा केंद्र महाराष्ट्रातलं घ्यावं लागतं. आम्ही निपाणीकर कोल्हापूर घेऊ शकतो, तासाभराचा रस्ता. खानापूरकरांना लांब पडतं. प्रश्न इंग्रजीतही दिलेला असतो, म्हणजे अडलं तर दोन्ही बघता येतं. फॉर्म भरताना भाषा आणि केंद्र नीट बघून भरा, आणि त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा.

टिळकवाडीची_आई
हे कुणीच सांगत नाही! धन्यवाद निपाणीकर.

वर्गमूळ
निपाणीकर, मनापासनं आभार. हे मी नोटीस बोर्डावर लावतोय.

तीन आठवडे झाले, मी काय केलं ते लिहितो.

ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅन न्यूमन यांनी १९७७ साली मुलांच्या चुका तपासायची एक पद्धत मांडली. चुकलेलं उदाहरण घेऊन मुलाला एकेकट्याला बसवायचं आणि पाच गोष्टी विचारायच्या. मोठ्यानं वाच. काय विचारलंय ते सांग. कसं करशील? करून दाखव. आता उत्तर नीट लिही. मूल कुठल्या पायरीला अडतं ते बघायचं. त्यांना जवळपास निम्म्या चुका आकडेमोड सुरू व्हायच्या आधीच झालेल्या सापडल्या होत्या. मी रोज कॉलेज सुटल्यावर दोन मुलांना असं बसवतोय. माझ्याकडं तर बहुतेक सगळी दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीला अडतात. चौथीला पोचलेलं पोर सहसा चुकत नाही. एवढी वर्षं मी चौथी पायरीच परत परत शिकवत होतो. जादा तास घेऊन आकडेमोड करून घेत होतो.

दुसरं, प्रत्येकाला एक बारकी वही केलीय. त्यात फक्त लहान शब्द. डाव्या पानावर इंग्रजी वाक्य, उजव्या पानावर मुलानं स्वतः केलेलं मराठी, आणि खाली गणिती रूप. 'अ‍ॅट लीस्ट'ला पहिल्या दिवशी अनेकांनी 'पेक्षा कमी' लिहिलं, कारण लीस्ट म्हणजे सर्वांत लहान. तीन नाणी उडवली तर निदान दोन छापे यायची संभाव्यता काढताना त्यांनी शून्य आणि एक छाप्याचे प्रकार मोजले. योगायोग असा की दोन्हींचं उत्तर एक छेद दोनच येतं! आठातले चार. मी मार्क देऊन पुढं गेलो असतो. मोठ्यानं वाचून घेतलं म्हणून कळलं. आता नाणी चार केलीत.

मराठीतल्या 'कमीत कमी'मध्येही 'कमी' आहेच की, पण तिथं कुणी फसत नाही. ते वाक्य त्यांनी आईच्या तोंडनं हजार वेळा ऐकलंय, "कमीत कमी दोन भाकऱ्या तरी खा". म्हणून 'अ‍ॅट लीस्ट'च्या समोर मुलांनी तीच भाकरी लिहिलीय.

आणि ज्यांना वाटतं हे फक्त आपल्या खेड्यातल्या मुलांचं आहे, त्यांच्यासाठी. 'या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत' हे वाक्य अमेरिकेतल्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना समीकरणात लिहायला दिलं होतं. क्लेमेंट, लॉकहेड आणि मंक यांचा तो अभ्यास १९८१ साली आला. सुमारे ३७ टक्के मुलांनी चुकीचं लिहिलं, बहुतेकांनी सहाची पट उलट्या बाजूला लावून, इंग्रजी वाक्यात शब्द आले त्या क्रमानं. म्हणजे इंग्रजीत शिकलेल्यांनाही हे वाक्य पाडतं. आपल्या मुलांना तर ते दोनदा ओलांडायचं आहे.

छोट्या_शाळेतली_बाई
सर, 'हाऊ मेनी हाफ्स' केलं. फळ्यावर भाकऱ्या काढल्या तर मुलं चपात्या म्हणाली. एका मुलीनं आपण होऊन विचारलं, 'मॅडम, हाऊ मेनी टू-थर्ड्स इन फोर?' मला तिला इंग्रजीतच उत्तर देता आलं. सहा.

उद्यमबाग
बाई, जिंकलात.

मग्गी
वर्गमूळ सर, ती लहान शब्दांची यादी इथे टाकाल का? उजव्या पानावर मी कन्नड लिहून घेईन.

वर्गमूळ
टाकतो. फ्रॉम, बाय, टू, ऑफ, दॅन, पर, ईच, बोथ, आयदर, अ‍ॅट लीस्ट, अ‍ॅट मोस्ट, एक्सीड्स, हेन्स, अगो, रिस्पेक्टिव्हली, सच दॅट, लेट, गिव्हन, इन टर्म्स ऑफ. रिस्पेक्टिव्हलीला वेळ द्या. 'अनुक्रमे' हा शब्द मराठीतही पुस्तकीच आहे. मी दोन मुलं आणि दोन छत्र्या घेऊन उभा राहिलो तेव्हा समजलं.

यादी पूर्ण झाली असं मला वाटत होतं. काल त्याच मुलीनं, हेन्सवालीनं, तास संपल्यावर थांबवलं. उदाहरण होतं, 'फाइंड अ नंबर हूज स्क्वेअर...' म्हणाली, "सर, हूज म्हणजे कुणाचा न्हवं? माणसाला कुणाचा म्हणतो. संख्येला कुणाचा कसं म्हणायचं?"

'ज्या संख्येचा वर्ग', असं सांगितलं. ती म्हणाली, "मग ते आधी यायला पाहिजे होतं."

यादीत 'हूज' घाला.